एक्याण्णवावं झाड

असं समजा, तुमच्यासमोर फरशीवर सुपाऱ्यांचा ढीग आहे. सोललेल्या, कडक वाळलेल्या श्रीवर्धनी सुपाऱ्या. हातात घेतली की आधी थंड लागते, मग हळूहळू तळव्याएवढी गरम होते. आता दोन-दोनच्या जोड्या लावा. घाई नाही, माझ्याकडे वेळ आहे. शेवटी एक उरली ना? मोडा आणि तीन-तीनच्या लावा. पुन्हा एक उरली. चार-चारच्या लावल्यात तर तीन उरतील, पाच-पाचच्या लावल्यात तर एक, सहा-सहाच्या लावल्यात तरी एक. इथपर्यंत आलं की बहुतेक माणसं हात झटकून उठतात. हा ढीग कुणाशी जुळवून घेणारा नाही, असं म्हणतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. अजून एक पायरी कुणी जात नाही. तुम्ही जा. सात-सातच्या रांगा लावा. बरोबर तेरा रांगा होतील आणि फरशीवर काही उरणार नाही. आता त्या ढिगाच्या पलीकडे दहा वर्षांची एक मुलगी बसवा. तिच्या केसांना निळं रबर आहे आणि पेन्सिलीचं मागचं टोक तिने चावून चपटं केलं आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा बसवा, तोंडापुढे वर्तमानपत्र धरलेला. ती मुलगी माझी नात प्राप्ती. म्हातारा मी.

उलव्यातलं आमचं घर अकराव्या मजल्यावर आहे. मुलाचं, निकेतचं, घर. खाली क्रेन फिरत असतात आणि लांबवर, जिथे पूर्वी मिठागरं होती तिथे, पांढरी धूळ उडते. त्या दिवशी प्राप्तीला शाळेतून काम मिळालं होतं. "मॅम म्हणाल्या, चोवीस, छत्तीस घेऊ नका, सगळे तेच घेतात. घरात जे असेल ते मोजा आणि त्याचे फॅक्टर्स काढा." मी म्हणालो, "विभाजक." ती म्हणाली, "तेच ते, आजोबा." मग तिने कपाटातला पितळी डबा काढला. हा माझ्या बायकोचा, गोदूचा, पानाचा डबा. गोदू जाऊन सहा वर्षं झाली. घरात पान कुणी खात नाही, पण डब्यातल्या सुपाऱ्या मी टाकू दिल्या नाहीत. मी त्या अधूनमधून काढतो, पुसतो, मोजतो आणि परत ठेवतो. म्हणून प्राप्ती मोजून झाल्यावर "एक्याण्णव" म्हणाली, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली न घेताच म्हणालो, "नव्वद आहेत. परवाच मोजल्यात मी." ती म्हणाली, "थांबा." फरशीवर पुन्हा टकटक सुरू झाली. सुपारी फरशीला लागली की कसा आवाज येतो, ते तुम्हाला आता कळेलच. मी बातमी वाचत होतो आणि माझ्याही नकळत टकटक मोजत होतो. ती थांबली.  मग ती म्हणाली, "हो आजोबा. नव्वदच."

मी कागदाच्या कडेवरून पाहिलं. तिच्या उजव्या हातात पेन्सिल होती. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या मुठीत एक सुपारी असली की ती मूठ पूर्ण मिटत नाही. तिने वहीत लिहिलं, नव्वद. मग पंचेचाळीस दुणे, तीस त्रिक, अठरा पंचे, भराभर. मूठ तशीच ठेवून ती बाल्कनीत गेली आणि परत आली तेव्हा हात मोकळा होता.   पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं मला झालं. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. हेच दोन आकडे, हाच क्रम, आणि नव्वद म्हणताना खाली गेलेला हाच आवाज. फक्त ती दुसरी मुलगी होती, आणि या गोष्टीला छत्तीस वर्षं होऊन गेली होती.

ती शाळा श्रीवर्धनच्या पुढे, खाडीच्या काठावर होती. दोन खोल्या, चार वर्ग, आणि मी एकटा. मुलांना सगळं डोळ्यांसमोर दिसावं म्हणून भिंतीवर लिहायची मला हौस. नद्या लिहिल्या, महिने लिहिले, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत एक ते शंभरमधल्या मूळ संख्या लिहिल्या. मूळ संख्या म्हणजे ज्यांच्या सारख्या रांगा लागत नाहीत, कशाही लावा, त्या मोडत नाहीत. त्या शोधायची रीत सोपी आहे, तुम्हीही करून बघा. सगळे आकडे लिहा आणि जे मोडतात ते खोडत चला. सम खोडले, शेवटी पाच असलेले खोडले, अंकांची बेरीज करून तीनचे खोडले. राहिला सात. सातसाठी मी तोंडाने पाढा म्हणत होतो आणि खोडत होतो. सात एके सात, सात दुणे चौदा, आणि असं करत सात दाहे सत्तर. आणि थांबलो. आमचा पाढा दहावर थांबतो. लहानपणी घरच्या ओट्यावर बसून संध्याकाळी आम्ही पाढे म्हणायचो, आणि दाहे म्हटलं की एक सुस्कारा टाकून पुढच्या पाढ्यावर उडी मारायचो. त्या सुस्काऱ्याची सवय जन्मभराची. सत्तरनंतरचा सत्त्याहत्तर दिसायलाच मोडका, तो खोडला. चौऱ्याऐंशी सम म्हणून आधीच गेलेला. एक्याण्णव तेवढा उभा राहिला. तेराचा पाढा मला झोपेतही येत होता, तेरा साते एक्याण्णव हे मी हजार वेळा म्हटलेलं होतं, पण शंभरपर्यंत खोडायला सातपर्यंतचेच पाढे पुरतात, त्यामुळे त्या दिवशी तेराचं काही कामच नव्हतं. भिंतीवर सव्वीस आकडे काळ्या रंगात लिहून झाले. ते पंचवीस असायला हवेत, हे मला माहीत नव्हतं.

कल्पिता तेव्हा चौथीत होती. तिचा आजा, भागोजी, वाडीतल्या सुपाऱ्या काढायला झाडावर चढायचा. एका झाडाच्या शेंड्यावर झोका घेऊन तो खाली न उतरताच दुसऱ्या झाडावर जायचा, आणि खाली कल्पिता तोंड वर करून उभी असायची. झाडांशी तिची ओळख अशी एकेकाची होती. भिंतीवरचे आकडे मी पट्टीने दाखवत होतो, मुलं म्हणत होती. एक्याण्णववर आलो तशी ती उभी राहिली. "गुरुजी, ह्यो मोडतो."

"कसा मोडतो?"

"आमच्या वाडीत तेवढीच झाडां हायत. सात रांगा, रांगेला तेरा."

मागच्या बाकावरून पियूष ओरडला, "गुरुजी, तिचा आजा वर चढला का त्याला झाडां दोन-दोन दिसतात!" वर्ग हसला. मीही हसलो. कल्पिता हसली नाही आणि बसलीही नाही, ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, "असं कर. आज घरी जा, नीट मोज, आणि उद्या सगळ्यांना सांग." दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "नव्वद हायत, गुरुजी." मी विचारलं, "एक कमी?" ती म्हणाली, "एक कमी." मी वर्गाकडे वळून म्हणालो, "बघा, भिंतीवर कुणी उगाच लिहीत नाही." ती बसली. त्यानंतर चौथीच्या उरलेल्या सहा महिन्यांत तिने हात वर केल्याचं मला आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला आहे. पुढच्या दिवाळीत भिंतीची अक्षरं पुन्हा गिरवायला घेतली, तेव्हा एक्याण्णववर येऊन ब्रश थांबला, आणि मी त्याच्यावरून चुना फिरवला. गिरवताना माणूस वाचत नाही, असं आपण समजतो. मी वाचलं. कल्पिता तोवर मोठ्या शाळेत गेली होती, तिचं घर माझ्या रस्त्यावर नव्हतं, आणि पुसणं जितकं सोपं होतं तितकं सांगणं नव्हतं. ती चूक मला चुना लावताना कळली, असं मी स्वतःला छत्तीस वर्षं सांगत आलो. या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

संध्याकाळी प्राप्ती खेळून आली तेव्हा मी तिला म्हणालो, "मी चुकलो, बाळा. त्या एक्याण्णवच होत्या." ती बूट काढता काढता म्हणाली, "नाही आजोबा, मी परत मोजल्या ना. नव्वदच." मी म्हणालो, "मनी प्लांटच्या कुंडीत एक आहे." तिचा एक बूट हातात राहिला. डोळे भरले. "सॉरी आजोबा." "सॉरी कशाला?" ती स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "आई बाबांना सांगत होती, तुम्ही हल्ली विसरता म्हणून. गॅस पण चालू राहिला होता ना. मग मला वाटलं, हे पण चुकलं म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल." तिची आई, पूनम, आत कांदा चिरत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी प्राप्तीला जवळ घेतलं आणि म्हणालो, "आता सांग, किती आहेत?" ती लगेच म्हणाली, "एक्याण्णव." पण म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दुपारी मी नव्वद म्हणालो म्हणून नव्वद, आता एक्याण्णव म्हणतोय म्हणून एक्याण्णव. मी तिला दहा वेळा समजावून सांगितलं असतं तरी दहाही वेळा तिने माझंच ऐकलं असतं. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि ही एक गोष्ट शिकवून होत नाही, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसलं.

पुढचे काही दिवस, सगळे बाहेर गेले की, मी सुपाऱ्या घेऊन फरशीवर बसायचो. कुंडीतली धुऊन पुसून घेतली होती, तिच्यावर मातीचा एक डाग राहिला तो राहिलाच. एक्याण्णवशी मी कधी धड बोललोच नव्हतो. आधी चुकीचं लिहिलं, मग पुसलं, यापलीकडे आमची ओळख नाही. आता त्याच्यापुढे बसलो तर तो एकेक दाखवायला लागला. एक ठेवा, तिच्याखाली दोन, त्यांच्याखाली तीन, अशा रांगा उतरत तेरापर्यंत जा. उतरत्या छपरासारखा पुरा त्रिकोण होतो, आणि सुपाऱ्या संपतात. तो मोडा. आता मधोमध एक ठेवा आणि तिच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा, चोवीस, तीस. मधाच्या पोळ्यासारखा सहा कोनांचा आकार होतो, तेव्हाही सगळ्या संपतात. तोही मोडा. मिठाईवाला लाडू रचतो तसं करा. खाली सहा गुणिले सहा, वर पाच गुणिले पाच, मग चार, तीन, दोन, शेंड्याला एक. सुपाऱ्या घरंगळतात म्हणून मी थर शेजारी शेजारी मांडले आणि बेरीज केली. छत्तीस, एकसष्ट, सत्त्याहत्तर, शहाऐंशी, नव्वद. शेंड्याची ती एक ठेवली की एक्याण्णव. ती काढली की शिखर नाही. नव्वदला यातलं काही येत नाही. नव्वद मात्र दोनला हो म्हणतो, तीनला हो म्हणतो, पाचला, सहाला, नऊला, दहाला, जो विचारेल त्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. नव्वद वाईट नाही. वर्गात नव्वदसारखी मुलं असली की शिक्षकाला बरं वाटतं. मला बरं वाटलं होतं. एका मुलीच्या हातून मी ती शेंड्याची सुपारी काढून घेतली आणि मला बरं वाटलं होतं. हे फरशीवर बसल्या बसल्या कळलं, आणि गुडघे आखडून गेले तरी मी उठलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी निकेतला म्हणालो, मला श्रीवर्धनला ने, प्राप्तीलाही घेऊ. तो म्हणाला, "बाबा, तिथे आता आपलं कोण आहे?" मी म्हणालो, "एक विद्यार्थिनी आहे. तिचं एक उत्तर द्यायचं राहिलंय." त्याने पूनमकडे बघितलं आणि तिने त्याच्याकडे. हल्ली माझं बोलून झालं की ते असे एकमेकांकडे बघतात. पण त्याने गाडी काढली. आगरदांड्याला गाडी बोटीत चढवली, निकेत फोनवर बोलत गाडीतच बसला, आणि प्राप्ती व मी कठड्याशी जाऊन उभे राहिलो. बोट दिघीकडे निघाली. प्राप्ती वेफर्स खात विचारायला लागली, कुठलं उत्तर, कुणाला, इतक्या वर्षांनी कशाला. मी तिला सगळं सांगितलं. पाढा, भिंत, वाडी, जा मोजून ये. तिने एवढंच विचारलं, "पण आजोबा, ती म्हणाली ना, सात रांगा आणि तेरा झाडं. मग तुम्ही लगेच गुणाकार का नाही केलात?"

इंजिनाची धडधड पायातून वर येत होती. पाण्याला डिझेलचा आणि मासळीचा वास होता. मी कठडा धरून उभा राहिलो आणि त्या वर्गात परत गेलो. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याच तोंडाकडे बघितलं. ती म्हणते, सात रांगा, रांगेला तेरा. मुलं हसतात. आणि माझ्या जिभेवर ते आलेलं आहे. तेरा साते. यायला वेळ लागतच नाही, पाढा हा विचार करून येतच नाही. आलं, आणि मी ते गिळलं. मग म्हणालो, जा, मोजून ये. मला तिची झाडं मोजून हवी नव्हती. मला एक दिवस हवा होता. आणि दुसऱ्या दिवशी ती नव्वद म्हणाली तेव्हा कुठेही आश्चर्य वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. सव्वीस आकड्यांची ती भिंत, माझ्या हाताचं सुंदर अक्षर, मागच्या बाकापर्यंतचं हसू, एवढ्यासाठी. प्राप्ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "केला होता." ती वेफर चावायची थांबली. मग तिने माझ्याकडे न बघता पिशवी पुढे केली. मी एक वेफर घेतला. 

कल्पिताचं घर सापडायला वेळ लागला नाही, तिथे सगळे तिला ओळखतात. ती सेहेचाळीस वर्षांची झाली आहे, केस कानामागे पांढरे झालेत. अंगणात सुपाऱ्या वाळत पसरल्या होत्या आणि ती पायाने त्या हलवत होती. मला बघून तिने डोळ्यांवर हात धरला. "गुरुजी? अगं बाय माझी. या, या. किती बारीक झालात! सून जेवाया घालते ना?" निकेत हसला आणि हात जोडून फोन घ्यायला पुन्हा बाहेर गेला. पाणी झालं, चहा झाला. प्राप्तीच्या हातात शहाळं आलं. वाडीची चौकशी केली तेव्हा कल्पिता म्हणाली, "आज्याची झाडां वादळात गेली, गुरुजी. त्या 'निसर्ग' चक्रीवादळात. सकाळी वारा सुटला, दुपारपतूर सगळी आडवी. उभी व्हती ती दोन, ती पण शेंड्याबिगर. अंगणातल्या सुपाऱ्या लोकांच्या, मी वाळवून देते. आता मी नवी लावल्यात. आज्यानं लावलेली तशीच. पाच वर्सां झाली, माझ्या डोक्याएवढी आल्यात." ती वाडी दाखवायला निघाली तेव्हा मी तिला मागच्या दारात थांबवलं. प्राप्तीला मी बाजूला पाठवलं नाही. मी म्हणालो, "कल्पिता, एक्याण्णव मोडतो. तू बरोबर होतीस. आणि ते मला त्याच वेळी कळलं होतं."

तिने हातातला झाडू दाराशी टेकवून ठेवला. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"तुमाला कळलं व्हतं ते. तुमी 'जा मोजून ये' म्हणालात ना, त्याच्या आधी तुमचे ओठ हलले. तेरा साते. मला पुढनं दिसत व्हतं की." ती सहज बोलत होती, जसं काही कालचा बाजार सांगतेय. "मी घरी जाऊन मोजली पण न्हाय. मोजायची काय, पाठ व्हती. जेवताना आज्याला म्हटलं, गुरुजींची भिंत चुकल्ये. आजा म्हणाला, मग सांग त्यांना. मी म्हटलं, त्यांना ठावं हाय. त्यांना ते सांगायला नको हाय." तिने प्राप्तीकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "म्हणून नव्वद सांगितलं. कोपऱ्यातलं एक झाड मनातल्या मनात सोडलं. त्याला मी गुरुजींचं झाड म्हणायची. वादळात पयलं तेच पडलं." एवढं बोलून ती हसली. मलाही हसावं लागलं. मग तिचं हसू गेलं. "सवय वाईट लागली पण, गुरुजी. समोरच्याचं तोंड बघायचं, त्याला काय पायजे ते वळखायचं, आणि तेवढं बोलायचं. बघाया आले तेव्हा पोरगा पितो ते मला त्याच्या हाताकडं बघून कळलं व्हतं. घरच्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि व्हय म्हटलं. आता न्हाय तो. जाऊ दे ते." मी काय बोलायचं ते घेऊन आलो होतो. चांगली वाक्यं होती. ती कुणाच्या कामाची नव्हती. मी एवढंच म्हणालो, "तुझं मी एक झाड घेतलं." ती म्हणाली, "घेतलंत." तिने ते खोडून काढलं नाही आणि मला दिलासाही दिला नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. समोरच्याला हवं ते बोलायची सवय तिने निदान त्या दारात, माझ्यासाठी, मोडली.

मग आम्ही वाडीत गेलो. आत सावली दमट होती, मध्ये मध्ये केळी लावलेल्या, आणि पाटाचं पाणी झाडांच्या आळ्यांत शिरताना बारीक आवाज करत होतं. सुपारीची नवी झाडं, पाती ताठ, प्रत्येकाच्या बुडाशी मातीचं गोल आळं. रांगा सरळ होत्या, पण केळीच्या पानांमुळे एका नजरेत शेवटपर्यंत दिसत नव्हतं. प्राप्ती म्हणाली, "सात रांगा, तेरा-तेरा. म्हणजे एक्याण्णव." आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. कल्पिताने माझ्या दंडाला हात लावला आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "एक झाड गेल्या पावसात कुजलं. मधल्या रांगेत आळं रिकामं हाय. सांगू नका." मग ती मोठ्याने म्हणाली, "मला काय ठावं गो? तूच मोज. एकेकाला हात लावून मोज, आमी हितं बसतो."

आम्ही पाटाच्या कडेला दगडावर बसलो. प्राप्तीने शहाळ्याचा ओला हात फ्रॉकला पुसला, पलीकडच्या टोकाला जाऊन पहिल्या झाडावर ठेवला आणि म्हणाली, एक. ती मोजत दूर जायची, केळीच्या पानांआड दिसेनाशी व्हायची, आवाज तेवढा येत राहायचा, आणि मग पुढच्या रांगेतून ती आमच्याकडे येताना दिसायची. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस. चौथ्या रांगेत तिचा आवाज मध्येच थांबला.  मला ती दिसत होती. रिकाम्या आळ्याच्या कडेला ती उभी होती, आणि आळ्यात सुकलेल्या पानाखेरीज काही नव्हतं. मग आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता तो हळू होता, आणि प्रत्येक झाडापाशी ती पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबत होती. शेवटच्या रांगेचं शेवटचं झाड आमच्या समोरच होतं. त्याला हात लावून ती उभी राहिली. तिच्या मनात आकडा होता, आणि गुणाकाराचा आकडाही होता, आणि ते दोन आकडे एक नव्हते. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. कल्पिताही माझ्याकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटले. दात आवळून घेतले, जिभेला हलू दिलं नाही, आणि तेही पुरेना म्हणून डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांआड मला तिच्या चपलांची फटफट ऐकू आली. ती परत चौथ्या रांगेत गेली होती.  मग ओल्या मातीत काहीतरी रुतल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तर ती रिकाम्या आळ्यात दोन्ही पाय रोवून उभी होती, आमच्याकडे पाठ करून, आणि समोरच्या केळींना ती मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "नव्वद."